शिवणाचे टेबल
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



शिवणवर्गातील तीन जुनी पायमशिने काढून विजेची घ्यावीत, असा ठराव आज आपल्यापुढे आहे. त्यास माझा विरोध नाही. परंतु यंत्रांबरोबर त्यांची टेबलेही भंगारात द्यावीत, असे त्यात म्हटले आहे. त्याविषयी मला दोन शब्द सांगावयाचे आहेत.

शिवणाचे टेबल हे शिवणयंत्राहून जुने आहे. सिंगरने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले १८५१ साली. त्याच्या कितीतरी आधी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्लंडमधले कारागीर बायकांच्या हातकामासाठी खास लहान टेबले करू लागले होते. वर झाकण, आत रिळे, टाचण्या, अंगुस्तान यांसाठी छोटे छोटे कप्पे, आणि खाली खणासारखी पुढे ओढता येणारी रेशमी पिशवी. अर्धे झालेले काम घडी न मोडता तीत ठेवावे, पाहुणे आले की आत सरकवावे. पायांना बहुधा चाके असत. विजेचे दिवे नव्हते. उजेड खिडकीशी जाई तिकडे टेबल न्यावे लागे.

त्यातली कारागिरी पाहावयाची तर खण बाहेर काढून कोपरा पाहावा. दोन फळ्या एकमेकींत दातांनी अडकवलेल्या असतात आणि दात टोकाकडे रुंद असतो. याला सुतार डव्हटेल म्हणतात. खण कितीही वेळा ओढा, पुढची फळी निसटत नाही. खिळ्याची गरजच नाही. जे कोणाला दिसणार नाही तेही नीट करावे, हे त्या सुताराला ठाऊक होते.

आपल्या बाजूचाही यात वाटा आहे. सुरत व मुंबईच्या कारागिरांच्या सादेलीकामाच्या शिवणपेट्या एकोणिसाव्या शतकात इंग्रज बायका हौसेने घेत. हस्तिदंत, शिंग, लाकूड आणि कथील यांच्या बारीक काड्या एकत्र चिकटवून त्यांची जुडी करावयाची आणि तिच्या आडव्या चकत्या कापावयाच्या. अळूवडीचा उंडा कापावा तशी प्रत्येक चकतीत तीच नक्षी! त्या चकत्या पेटीवर बसवीत. हस्तिदंताचा व्यापार आता बंद आहे, आणि तो बंद असावा हेच योग्य. पण त्या हातांचे कसब मानलेच पाहिजे.

मात्र एक गोष्ट विसरू नये. ही सुंदर टेबले हौशी भरतकामाची होती. पोटासाठी शिवणारीच्या वाट्याला ती आली नाहीत. थॉमस हूडने १८४३ साली लंडनच्या शिवणकरणींच्या हालांवर कविता लिहिली, ती तेथे फार गाजली. ज्यांचे काम सर्वांत जास्त, त्यांनाच जागा सर्वांत कमी.

अमेरिकेतील शेकर पंथात मात्र काम करणाऱ्या बहिणींसाठीच टेबले होत. नक्षी नाही, जडाव नाही, साधे लाकूड; पण काही टेबलांना समोर आणि बाजूलाही खण, म्हणजे दोघींना एकाच टेबलाशी बसता यावे.

आता आपल्याकडे पाहू. माझ्या आजीची सुई भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचलेली असे आणि दोरा फडताळात कोठेतरी. घरात तिचा म्हणावा असा एक कप्पा नव्हता. आईला पायमशीन मिळाले, आणि त्याच्या टेबलाचे दोन्ही बाजूंचे खण हीच तिची पहिली हक्काची जागा ठरली. बटणे तेथे, आमच्या फीचे पैसेही तेथेच. वडीलसुद्धा विचारल्यावाचून तो खण उघडीत नसत.

म्हणून माझी दुरुस्ती अशी: यंत्रे बदलावीत, टेबले ठेवावीत. बिडाचे पाय भक्कम आहेत. वरच्या खाचेवर फळी बसवली की विजेचे मशीन त्यावर राहील. सांधे खिळखिळे झाले असतील तेथे सरस लावावा, खिळे ठोकू नयेत. खिळ्याने फळी फुटते. आणि वर्गात येणाऱ्या प्रत्येक मुलीला एकेक खण नावाने द्यावा. टेबलांना खण सहाच आहेत आणि मुली अकरा. उरलेल्या पाचांसाठी सुताराकडून पाच खण नवे करून घ्यावेत. हा खर्च मंडळाने आनंदाने करावा, अशी माझी विनंती आहे.