चंचल मूल आणि घराचा जमाखर्च

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



इचलकरंजीतील एखाद्या यंत्रमाग कामगाराचे घर डोळ्यांसमोर आणावे. बापाची बारा तासांची पाळी, आई घरी शिलाई करणारी. आठ वर्षांचा मुलगा वर्गात जागेवर बसत नाही, दप्तर विसरतो, हाती घेतलेले अर्ध्यावर सोडतो. शाळेतून सारखी तक्रार येते. शेजारी म्हणतात, आईने लाडावून ठेवला. बाप म्हणतो, तुझेच लक्ष नाही. मूल मार खाते, आई बोलणी खाते.

वैद्यकशास्त्र या विकारास अवधानन्यूनता व अतिचंचलता म्हणते. एडीएचडी हे त्याचे रूढ नाव. प्रत्येक खोडकर मूल त्यात मोडत नाही. लक्षणे बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, घरी आणि शाळेतही दिसावी लागतात, आणि त्यांमुळे मुलाचे खरोखर अडावे लागते. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या असता सुमारे ५ टक्के मुलांत हा विकार आढळतो. त्याचा मोठा भाग आनुवंशिक आहे; वाईट संगोपनातून तो उत्पन्न होत नाही. मात्र मारझोडीने वर्तन अधिक बिघडते, आणि बिघडलेल्या वर्तनाने घरचा ताण वाढतो.

या दुष्टचक्राचा खर्च कोण सोसतो? २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीनुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात, तर पुरुष ९७. ही सर्वसाधारण घरांची सरासरी झाली. मुलाला गृहपाठास बसविण्यातच जिची संध्याकाळ सरते, तिचे शिलाईचे काम परत जाते, मजुरी बुडते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ही तूट कोठेही नोंदली जात नाही. सुस्थित घर समुपदेशक व शिकवणी यांना पैसे मोजून तोच ताण काहीसा हलका करते. विकार वर्ग पाहून होत नाही. त्याचे ओझे मात्र वर्ग पाहूनच वाटले जाते.

राज्यसंस्थेचे वर्तनही पाहण्याजोगे आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणीच्या यादीत हा विकार आहे. परंतु २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता व स्वमग्नता असूनही त्याचा समावेश नाही. म्हणजे नोंदीपुरते मूल सरकारचे; हक्क मागू गेल्यास ते केवळ आईचे!

हे श्रीमंतांचे खूळ आहे, औषध कंपन्यांची बाजारपेठ आहे, असा आक्षेप आपल्यातीलच काहीजण घेतात. बाजाराचा धोका खराच. परंतु त्यावरचा उतारा सार्वजनिक सेवा हा आहे. दुखणेच नाकारणे हा नव्हे. शिवाय लहान मुलांच्या बाबतीत पहिला उपाय औषध नसून पालकांचे प्रशिक्षण हा आहे : छोट्या सूचना, ठरलेला दिनक्रम, चांगल्या वागण्याची तत्काळ दखल. मोठ्या मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधही उपयोगी पडते. पण बापाने हे शिकावयाचे कधी? बारा तासांची पाळी आठ तासांवर आणण्याची जुनी मागणी येथे बालसंगोपनाची मागणी ठरते.

शिक्षण हक्क कायद्याने, २०१० पासून, शाळेत मुलांना मारण्यास बंदी आहे. त्याच कायद्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात. कार्यकर्त्यांनी त्या समितीत प्रश्न विचारावेत : आरोग्य पथक यंदा आले काय? कोणती मुले जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविली? तेथे त्यांना उपचार मिळाले की नुसती तारीख मिळाली?

आणि वस्तीत एखादे मूल वाह्यात ठरविले जाईल, तेव्हा आईला दोष देणाऱ्यांत आपला कार्यकर्ता नसावा. त्याने तिच्याबरोबर त्या केंद्राची पायरी चढावी, आणि जाताना मुलाच्या बापालाही सोबत न्यावे.