पाळणाघर ही मेहेरबानी नव्हे

(रहाटणी येथे कामगार स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आईने कामावर जावे की घरी राहावे, हा तिच्या आवडीनिवडीचा प्रश्न आहे, असे पुष्कळ सुशिक्षित मंडळी मानतात. रहाटणी-काळेवाडीच्या चाळींत हा प्रश्न आवडीचा नाही, हिशेबाचा आहे. समजा, एका भगिनीला चाकणला कंत्राटी कामाचे महिना १२,००० रुपये मिळतात. खासगी पाळणाघराचे ३,००० आणि जाण्यायेण्याचे १,५०० वजा जाता ७,५०० उरतात. मूल आजारी पडले की खाडा, आणि खाड्याचा पगार कापला जातो. मग ती काम सोडते, किंवा थोरल्या मुलीची शाळा सोडवते. दुसरा मार्ग अधिक क्रूर आहे. कारण आईच्या मजुरीची किंमत तेथे मुलगी आपल्या शिक्षणाने चुकवते.

कायदे झालेच नाहीत असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ही मर्यादा तीसवर आली. परंतु ती स्त्रियांच्या संख्येवर बेतलेली असल्याने मालकाला पळवाट राहिली : स्त्रियाच कमी ठेवा, पाळणाघर टळले! २०१७ च्या दुरुस्तीने स्त्री-पुरुष मिळून पन्नास कर्मचाऱ्यांची अट घातली, हे योग्यच झाले. तथापि पिंपळे सौदागरच्या सदनिकांत धुणीभांडी करणारी स्त्री कोणाच्या हजेरीपटावर आहे? १९७५ पासूनची अंगणवाडी तिच्यासाठी आहे खरी. पण ती काही तासांत सुटते आणि कामाचा दिवस संपत नाही.

२०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेने दरमहा १,५०० रुपये देऊ केले. गरिबाच्या घरात त्या पैशाचे मोल आहेच. मात्र ते काम केले तरी मिळतात, न केले तरी मिळतात. आणि पैसा मूल सांभाळीत नाही. पाळणाघराचे अनुदान कामावर जाण्याचा खर्चच कमी करते. कॅनडातील क्युबेक प्रांताने १९९७ साली दिवसाला पाच डॉलर दराने बालसंगोपनाची सोय सुरू केली, तेव्हा विवाहित मातांचे कामावरील प्रमाण स्पष्टपणे वाढले. त्याच अनुभवाने एक इशाराही दिला. सोय झपाट्याने वाढली, तेव्हा मुलांच्या वर्तनावर आणि आरोग्यावर अनिष्ट परिणाम झाल्याचे काही अर्थशास्त्रज्ञांना आढळले. स्वस्त पाळणाघर म्हणजे कोंडवाडा नव्हे, हे आपणही विसरता कामा नये.

म्हणून आपली मागणी नेमकी असावी. पाळणाघर वस्तीत हवे आणि त्याच्या वेळा पाळ्यांशी जुळणाऱ्या हव्यात. तेथील सेविकेला प्रशिक्षण आणि पुरेसे वेतन हवे. एका स्त्रीच्या सोयीसाठी दुसरीने अर्धपोटी राबावे, हा समाजवाद नव्हे. खर्च सरकारी तिजोरीतून आणि प्रत्येक कामगारामागे, पुरुष असो वा स्त्री, मालकाकडून घेतलेल्या वर्गणीतून व्हावा. तसे झाले तर स्त्रीला कामावर न घेण्यात कोणाचाच फायदा उरणार नाही.

मूल एकट्या आईचे नसते. उद्याचा कामगार आणि उद्याचा नागरिक ज्या समाजाला हवा आहे, त्याने त्याच्या पाळण्याची दोरी हाती घेतली पाहिजे.