साहित्याचे कालखंड आणि चळवळीचे दप्तर

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्येतिहासाचे कोणतेही पुस्तक उघडले की प्रथम नजरेत भरतात ते कालखंड. मराठीत संत, पंत आणि तंत, म्हणजे शाहीर, अशी जुनी विभागणी आहे. पुढे अर्वाचीन काळ. अमेरिकेच्या साहित्यात वसाहतकाळ, क्रांतिकाळ, स्वच्छंदतावाद, वास्तववाद, आधुनिकतावाद आणि युद्धोत्तर काळ असे टप्पे सांगतात. परीक्षेच्या दृष्टीने ही मांडणी सोयीची आहे. परंतु हे टप्पे ऋतूंसारखे आपोआप येत-जात नाहीत. कोणी लिहिले, एवढ्यावरच ते ठरत नाहीत. लिहिलेले कोणी छापले, कोणी जपले आणि कोणी यादीत घातले, यावरही ते ठरतात. राजकीय कार्यकर्त्याला या प्रश्नाशी काय कर्तव्य, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर कऱ्हेच्या काठीच सापडते.

मोरोपंत पराडकर १७२९ साली पन्हाळ्यास जन्मले आणि १७९४ साली बारामतीस वारले. पेशव्यांचे आप्त व सावकार असलेल्या बाबूजी नाईकांच्या आश्रयाने त्यांनी बारामतीस पुराण सांगितले आणि आयुष्यभर काव्यरचना केली. ‘आर्याभारत’, ‘केकावली’, संतांना वाहिलेली ‘सन्मणिमाला’, शिवाय एकशे आठ रामायणे! त्यांतले एक तर ओष्ठ्य वर्ण टाळून रचलेले. एवढ्या प्रचंड उद्योगापुढे कोणीही नम्र व्हावे. तथापि हा उद्योग टिकला कसा, हेही पाहावयास हवे. नाईकांच्या वाड्याने पंतांची चरितार्थाची चिंता वाहिली. कीर्तनकारांनी त्यांच्या आर्या गावोगाव नेल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात छापखाने आले, तेव्हा निर्णयसागरच्या ‘काव्यसंग्रहा’ने ही कविता ग्रंथरूपाने स्थिर केली, आणि मग ती शाळा-महाविद्यालयांत पोहोचली. वाडा, कीर्तन, छापखाना आणि पाठ्यपुस्तक अशी ही अखंड साखळी होती. पंतांची थोरवी खरीच. पण पंतांचा ‘काळ’ या साखळीने घडविला.

पंत बारामतीत आर्या रचीत असताना अमेरिकेत क्रांतिकाळ चालू होता. बेंजामिन फ्रँकलिन, टॉमस पेन, जेफर्सन ही त्या काळाची प्रसिद्ध नावे. १७७६ साली निघालेल्या पेनच्या ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेने राजसत्तेविरुद्ध जनमत पेटविले. मात्र त्याच्या तीनच वर्षे आधी, १७७३ साली, बॉस्टनमधील फिलिस व्हीटली या गुलाम तरुणीचा कवितासंग्रह लंडनमध्ये छापला गेला होता. त्याच्या आरंभी बॉस्टनमधील अठरा प्रतिष्ठित पुरुषांचे प्रमाणपत्र जोडावे लागले. या कविता खरोखर हिनेच लिहिल्या आहेत, अशी ग्वाही त्यांनी दिली. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या समाजात एका कवयित्रीला आपल्याच कवितेवरचा हक्क सिद्ध करावा लागला, ही गोष्ट ‘क्रांतिकाळ’ या भारदस्त नावामागे सहज झाकली जाते.

एकोणिसाव्या शतकाचा मध्य हा अमेरिकन साहित्याचा सर्वांत तेजस्वी काळ मानतात. एमर्सनचे निबंध, हॉथॉर्न आणि मेलव्हिल यांच्या कादंबऱ्या, १८५५ सालचा व्हिटमनचा ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ आणि थोरोचा ‘वॉल्डन’. अन्यायी सरकारला कर नाकारून १८४६ साली एक रात्र तुरुंगात काढणारा थोरो गांधीजींनी अभ्यासला होता. ‘वॉल्डन’ मराठीत आणणाऱ्या दुर्गाबाई भागवत १९७५ साली आणीबाणीत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून निर्भयपणे बोलल्या आणि पुढे त्यांना कारावास घडला. ग्रंथाचे कार्य कोठवर पोहोचते, याचे हे एक उदाहरण होय.

या तेजस्वी काळाला ‘अमेरिकन प्रबोधन’ हे नाव रूढ केले एफ. ओ. मॅथिसन या समीक्षकाने, १९४१ सालच्या ग्रंथातून. त्याने पाच लेखक निवडले : एमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल आणि व्हिटमन. पाचही गोरे, पाचही पुरुष. गुलामगिरीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसचे आत्मकथन १८४५ साली गाजले होते. हॅरिएट बीचर स्टोच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ने १८५२ साली देश हलविला होता. मॅथिसनच्या पंचायतनात त्यांना स्थान मिळाले नाही. विशेष असे की, मॅथिसन हा प्रतिगामी नव्हता. तो स्वतः समाजवादी होता. तेव्हा यादीतून माणसे गळावयास दुष्ट हेतू लागतोच असे नाही. हाताशी असलेली पुस्तके आणि अंगवळणी पडलेली अभिरुची तेवढ्यास पुरते.

डग्लसचे आत्मकथन मुळात बॉस्टनच्या गुलामगिरीविरोधी चळवळीच्या कचेरीने प्रसिद्ध केले होते. चळवळ ओसरली आणि पुस्तक दुर्मीळ झाले. १९६० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने ते पुन्हा काढले, तेव्हा कोठे ते अभ्यासकांच्या हाती आले. वास्तववादाच्या काळात मार्क ट्वेन, ड्रायझर यांच्याबरोबर अप्टन सिंक्लेअर येतो. शिकागोच्या कत्तलखान्यांतील मजुरांवरची त्याची ‘द जंगल’ ही कादंबरी १९०५ साली प्रथम क्रमशः छापली ती एका समाजवादी साप्ताहिकाने. १९०६ साली ती पुस्तकरूपाने आली आणि त्याच वर्षी मांस-तपासणीचा कायदा झाला. मजुरांच्या हाती मात्र फारसे लागले नाही. वाचकांना डब्यातले मांस दिसले, ते भरणारे हात दिसले नाहीत.

पुढच्या काळातील एलियट, हेमिंग्वे, फॉकनर, स्टाइनबेक ही नावे सर्वज्ञात आहेत. हार्लेममधील लँग्स्टन ह्यूज आणि त्याचे सहकारी, नंतरचे एलिसन व बॉल्डविन, यांना ‘मुख्य प्रवाहात’ जागा मिळावयास नागरी हक्कांचा लढा व्हावा लागला. टोनी मॉरिसन १९७० च्या दशकात एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत संपादक होत्या. त्यांनी १९७४ साली ‘द ब्लॅक बुक’ सिद्ध करविले. संग्राहकांनी जपलेली कात्रणे, छायाचित्रे, गुलामांच्या विक्रीचे कागद यांचा तो संचय होय. त्यातीलच एका कात्रणातून त्यांची ‘बिलव्हेड’ ही १९८७ सालची कादंबरी उगवली. १९९३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दप्तर आधी, कलाकृती नंतर, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता महाराष्ट्राकडे पाहावे. व्हिटमनचा संग्रह निघाला त्याच १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडले. ते नाकारले गेले. त्याच वर्षी फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त आला. १८७३ साली ‘गुलामगिरी’ निघाली. ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केलेली आहे. पुढल्याच वर्षी ‘निबंधमाला’ सुरू झाली, आणि कितीएक इतिहासकारांनी अर्वाचीन गद्याचे नवे युग तेथून मोजले. एका वर्षाच्या अंतराने आलेल्या दोन प्रकाशनांपैकी एकाच्या नावे युग आणि दुसरे दीर्घकाळ तळटीपेत! ‘तृतीय रत्न’ छापले गेले १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’मधून, लिहिल्यापासून चोवीस वर आणखी शंभर वर्षांनी. ताराबाई शिंद्यांचा १८८२ सालचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा उजेडात आणला. विरोधकांनी दाबले, हा या कथेचा अर्धा भाग. आपल्याच माणसांचे कागद चळवळींनी वेळेवर जपले नाहीत, हा उरलेला अर्धा.

उलट उदाहरणही आहे. जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. तिला राजाश्रय नव्हता, वाडा नव्हता. पण वारकऱ्यांची दिंडी होती. वर्षानुवर्षे शेकडो मैल चालणाऱ्या संघटनेने तिचे अभंग कंठात सांभाळले, म्हणून ती संतांच्या काळात आहे. संघटना हीच येथे ग्रंथालय झाली. या देशातील गरिबांच्या वाङ्मयाला दुसरा भरवसा कधी नव्हता.

जात्यावरच्या ओव्या या संत, पंत, तंत या तिन्हींत बसत नाहीत. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह पुणे जिल्ह्यातील गावांपासून आरंभ करून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. पिठाची चक्की आली, जाते थांबले, आणि ओवी ऐकवणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या. हे काम आणखी वीस-तीस वर्षे लांबते, तर त्यातले पुष्कळसे नाहीसे झाले असते.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत निरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला, १९३० च्या दशकात वालचंदनगरची साखर आली, पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. या इतिहासाचे अहवाल आहेत, ताळेबंद आहेत, पुढाऱ्यांची चरित्रे आहेत. हंगामाला बीडकडून येणाऱ्या टोळ्या, मुकादमाची उचल, पहाटे कोपीवरून निघून मोळी वाहणारी बाई, यांचे दप्तर कोणाकडे आहे? संपाची पत्रके, सभांचे वृत्तान्त, शाहिरांच्या वह्या, जुन्या कार्यकर्त्यांची पत्रे घराघरांतून रद्दीत जातात, आणि मग श्रमिकांना साहित्य नाही असा निष्कर्ष विद्वान काढतात.

म्हणून प्रत्येक तालुका शाखेने एक कपाट या कामी राखावे. एका कार्यकर्त्याने पत्रके व अंक तारखेनिशी लावावेत. दुसऱ्याने वृद्ध स्त्री-पुरुषांकडून ओव्या, पोवाडे, आठवणी लिहून घ्याव्यात, सांगणाऱ्याच्या संमतीने आणि त्याच्याच बोलीत. अभ्यासवर्गात ‘केकावली’ वाचावी, तशीच ‘गुलामगिरी’ वाचावी. व्हिटमनबरोबर डग्लस वाचावा. मोरोपंतांना खाली ओढून कोणाची उंची वाढणार नाही. त्यांच्यामागे जशी जपणूक उभी राहिली, तशी ऊसतोडणीच्या बाईच्या शब्दांमागे उभी करणे, एवढेच मागणे आहे. पुढच्या पिढीचा इतिहासकार कालखंड आखावयास बसेल तेव्हा त्याच्यासमोर कोणते कागद असतील, हे आज शाखांच्या कपाटांत ठरत आहे.