चुकीवर एकच रेघ



संयोजकांचा फोन आला, ‘तू कॉम्प्युटरवाली, एआयवर बोल.’ मी म्हटलं, मी गोळ्यांवर बोलते. गेली बरीच वर्षं मी औषध कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते आहे. आणि आता या वयात आपल्यातल्या अनेकांच्या खिशात-पर्समध्ये बीपीची नाही तर थायरॉइडची गोळी असतेच. ती आपण न बघता तोंडात टाकतो. कशाच्या भरवशावर?

लॅबमध्ये तपासली असेल, असं आपल्याला वाटतं. पण लाखो गोळ्यांच्या बॅचमधून तपासायला जातात मोजक्याच. आणि तपासली ती गोळी विरघळली, संपली. आपण खातो ती न तपासलेलीच! म्हणून खरा भर असतो तो गोळी बनते कशी यावर. यालाच जीएमपी म्हणतात, उत्तम उत्पादन पद्धती. आपल्याकडे तिचे नियम ‘शेड्यूल एम’मध्ये आहेत.

त्यातल्या कितीतरी गोष्टी अगदी साध्या आहेत. एकाने वजन केलं की दुसऱ्याने पाहून सही करायची. नवी बॅच सुरू करण्याआधी मागच्या औषधाची एकही गोळी, एकही लेबल मशीनपाशी राहिलेलं नाही, हे बघायचं. दिलेली, वापरलेली, फाटलेली आणि उरलेली लेबलं यांचा हिशेब जुळवायचा. आणि सगळं काम करतानाच लिहायचं, नंतर आठवून नाही. लिहिताना चुकलं तर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. चुकीवर एकच रेघ. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण.

माझी पहिली फजिती इथेच झाली. एका कारखान्यात कागदी बॅच रेकॉर्डच्या जागी माझी स्क्रीन बसवायची होती. ऑपरेटरची सोय म्हणून मी ‘दुरुस्त करा’ असं बटण दिलं होतं. क्वालिटीच्या मॅडमनी तापमान ५८ चं ६२ केलं आणि विचारलं, “आधी किती होतं?” माझ्या स्क्रीनकडे उत्तर नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या, “कागदाला हे जमत होतं.” जुनी नोंद पुसली जाता कामा नये, कुणी, केव्हा, काय बदललं ते राहिलं पाहिजे, हा नियम अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्येच केला होता. मी तो वाचला होता, पण मला तो समजला नव्हता.

समजला तो डेव्हनपोर्टची हकिकत वाचल्यावर. १९७२ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या त्या भागातल्या रुग्णालयात शिरेतून दिलेल्या डेक्स्ट्रोजमध्ये जंतू निघाले आणि रुग्ण दगावले. बाटल्या निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये हवा अडकून राहिली होती, त्यामुळे तळच्या बाटल्या पुरेशा तापल्याच नव्हत्या. तापमान नोंदवणारं यंत्र ते दाखवत होतं. पण यंत्रच बिघडलं असेल असं समजून काम पुढे गेलं. तपासणीचे नमुने तर पास झाले होते! आपल्याकडेही १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. तेव्हा आपण बालवाडीत होतो.

आता मी ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. काही वर्षांनी दुसऱ्या एका कारखान्यात रात्रपाळीच्या ऑपरेटरने पावडर चाळून झाल्यावर चाळणी तपासली, तर जाळी फाटलेली. तारेचा तुकडा पावडरमध्ये गेला असू शकतो. कुणी पाहिलं नव्हतं. पण त्याने रात्री २ वाजून ४० मिनिटांनी तशी नोंद केली. बॅच थांबली. सकाळी एका वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, मागून डेटाबेसमध्ये एवढी एक ओळ बदलता येईल का?”

येत होती. आमचं बिलही त्यांच्याकडे अडकलं होतं. मी लगेच ‘नाही’ म्हटलं, असं सांगितलं तर ते खोटं होईल. थोडा वेळ गप्प बसले, मग ‘नाही’ म्हटलं. बॅच नष्ट झाली. ऑपरेटरची नोकरी राहिली, पण सगळ्या पाळीसमोर त्याला जे ऐकून घ्यावं लागलं, ते मी ऐकलं आहे. त्यानंतर त्या पाळीत कोणी किती खरं लिहिलं असेल? माझं सॉफ्टवेअर लिहिलेलं जपतं. न लिहिलेलं त्याला दिसत नाही.

सर, तुम्ही समोर बसला आहात, म्हणून एक कबुली. दहावीला ओहमच्या नियमाचा आलेख सरळ रेषेत यायलाच हवा, म्हणून आम्ही अर्धी रीडिंग्ज घरीच ‘बनवायचो’. एकदा माझा एक बिंदू रेषेबाहेर गेला. मी खोडरबर काढला. तुम्ही म्हणालात, “राहू दे. का गेला ते खाली लिही.” वायर सैल होती. मी तसं लिहिलं आणि तुम्ही एकही गुण कापला नाहीत. कापला असता, तर पुढच्या वेळी मी नक्की खोडलं असतं.

आपल्यातले काही जण आज कारखाने चालवतात, काही शाळा, काही दवाखाने. रात्री २:४० ला स्वतःहून चूक लिहिणाऱ्या माणसाला तुमच्याकडे सकाळी काय ऐकायला मिळतं, एवढं एकदा बघा. आपली गोळी त्याच्या हातून येते.