सिक्स सिग्माची फी भरण्याआधी



ग्रीन बेल्ट, ब्लॅक बेल्टच्या जाहिराती तुमच्याही मोबाइलवर येत असतील. घरच्यांकडून फीचे पैसे मागण्याआधी थोडं ऐका.

सिक्स सिग्मा ही पद्धत १९८६ मध्ये मोटोरोला कंपनीतले इंजिनिअर बिल स्मिथ यांनी मांडली. उद्दिष्ट असं की, चूक होण्याच्या दहा लाख संधींमागे ३.४ पेक्षा जास्त चुका होऊ नयेत. पण बेल्ट देण्याचा हक्क कोणा एका संस्थेकडे नाही. कोणताही क्लास सर्टिफिकेट छापू शकतो. म्हणून आधी विचारा: परीक्षा कोणाची? प्रकल्प करावा लागतो का? अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी ग्रीन बेल्टच्या परीक्षेसाठी तीन वर्षांचा कामाचा अनुभव मागते. तिच्या यलो बेल्टला अनुभवाची अट नाही.

पद्धत शिकायला मात्र फी लागत नाही. पायऱ्या पाचच: प्रश्न नेमका ठरवा, मोजा, कारण शोधा, सुधारा, सुधारणा टिकवा. भिवंडी-मालेगावात घरचे यंत्रमाग असतील, तर ताण्याचा धागा एका पाळीत किती वेळा तुटला, कोणत्या मागावर, कोणत्या बीमचा, हे महिनाभर वहीत लिहा. माग आणि कारागीर बदलूनही एकाच साइझिंगच्या बीमवर धागा जास्त तुटत असेल, तर कारागिराला बोल लावण्याआधी साइझिंग तपासा.

मुलाखतीत ‘तुम्ही काय सुधारलंत?’ असं विचारलं, की ही वही पुढे करा. बेल्ट त्यानंतर घ्या.