‘मन घट्ट कर’ म्हणणे सोपे



कारखाना बंद पडला तेव्हा आमच्या युनियनमधला एक फिटर मला म्हणाला, "भाऊ, रात्ररात्र डोळा लागत नाही." मी म्हटले, "मन घट्ट कर." त्या उत्तराची मला आज लाज वाटते. पुढचे त्याच्याच परवानगीने सांगतो.

पत्नीने त्याला समन्वयी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. समन्वयी म्हणजे एकाच पंथाची कंठी न बांधणारे. फ्रॉइडच्या परंपरेतून जुन्या दुःखाचा माग घ्यायचा. ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात घडवलेल्या पद्धतीने आजचे विचार पारखायचे. आणि कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मांडल्याप्रमाणे माणसाचा बिनशर्त स्वीकार करायचा. आधी झोप व दिनक्रम सावरला. मग "काम गेले, म्हणजे मी निकामी" हा विचार दोघांनी तपासला. बापाच्या बेकारीची आठवण फार नंतर निघाली. हा क्रम त्याला विचारून ठरला. म्हणून याला खिचडी म्हणता येत नाही.

एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली उपचारातल्या सहकार्याची तीन अंगे सांगितली : ध्येयावर एकमत, करावयाच्या कामावर एकमत आणि परस्परांतला जिव्हाळा. मंडळी, मागणी, कार्यक्रम आणि विश्वास यांवाचून आमची युनियन तरी कुठे चालते?

कारखान्याचा बंद दरवाजा उपचाराने उघडत नाही. त्याला संघटनाच हवी. पण लढणारा माणूस आधी जगला पाहिजे. शेजाऱ्याची झोप उडाली असेल, तर उपदेश करू नका. जवळ बसा, ऐका, आणि तज्ज्ञांकडे त्याच्याबरोबर जा.