पांढरीखालची माणसं

(नरसी नामदेव येथील विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



संयोजकांनी आम्हाला भाषणाचा विषय विचारला. आम्ही म्हणालो, ‘जपानची आदिम माणसं’. मंडळी हसली. कयाधूच्या काठावर बसून जपानच्या गोष्टी! पण आम्ही फार लांब नेणार नाही. वाट आपल्या पांढरीवरूनच जाते.

पांढरी म्हणजे काय हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली, चुली पेटल्या, राख पडली, भिंती पडल्या, त्यावर पुन्हा भिंती उठल्या, म्हणजे त्या जागेची माती पांढुरकी होते. आपल्या माळवदावर हीच माती टाकतात, कारण ती पाणी धरत नाही. लहानपणी आम्ही आईबरोबर टोपली घेऊन पांढरीची माती आणायला जायचो. मातीत खापरं निघायची, ती आई वेचून फेकून द्यायची. पुढं पुस्तकात वाचलं की महाराष्ट्रातले उत्खनन करणारे विद्वान अशीच पांढरीची टेकाडं शोधत हिंडतात आणि नेमकी तीच खापरं जपून ठेवतात, तेव्हा आम्ही कपाळावर हात मारला.

आम्ही पंडित नव्हे. शिक्षण सातवी. उमेदीची वर्षं सूतगिरणीत गेली. जे वाचलं ते रात्रपाळी संपल्यावर. पण गिरणीनं एक विद्या दिली : सुताला पीळ उजवा की डावा, हे आमच्या बोटाला डोळे मिटून कळतं. म्हणून जपानच्या त्या लोकांचं नाव वाचलं आणि आम्ही तिथंच थांबलो. त्यांना ‘जोमोन’ म्हणतात. जोमोन म्हणजे दोरीचा ठसा. ओल्या मडक्यावर पीळ दिलेली दोरी दाबायची, फिरवायची, नक्षी उठते. १८७७ साली एडवर्ड मोर्स नावाचा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ योकोहामाहून टोकियोला आगगाडीनं चालला होता. रुळाच्या कडेला ओमोरी इथं त्याला शिंपल्यांचा ढीग दिसला. तिथं खणलं, तर ही दोरीच्या ठशाची भांडी. त्या देशातली सगळ्यात जुनी खापरं पंधरा हजार वर्षांहून जुनी आहेत. दोरी कधीच कुजून गेली, पण ठसा राहिला. आजही त्यावरून पीळ कोणता ते सांगता येतं. गिरणीकामगाराला यात काय वाटलं असेल, विचार करा.

आपल्याकडंही धागा सापडला आहे. प्रवरेकाठी नेवाशाला एका लहान मुलाच्या पुरणात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तिच्या ओवण्यात रेशीम आणि कापसाचे अवशेष मिळाल्याची नोंद आहे. पुणे जिल्ह्यात चांडोलीला मिळालेला धागा जवसाच्या तंतूचा होता.

आता इनामगाव. हे शिरूर तालुक्यात घोड नदीवर आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर या विद्वानांनी तिथं बारा हंगाम उत्खनन केलं. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं ती वस्ती नांदली. म्हणजे भगवान बुद्धांच्याही आधी. शंभराहून जास्त घरं सापडली. ही माणसं सातू पिकवायची, गुरं-शेळ्या पाळायची, हरीण मारायची, मासे धरायची. पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाट आणि बांध घातला होता. इ.स.पू. १००० च्या सुमारास पाऊस उणावला असं अभ्यासक म्हणतात. मोठी चौकोनी घरं गेली आणि लहान गोल झोपड्या आल्या. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण आम्हाला सांगायचं आहे ते त्यांच्या लेकरांबद्दल.

इनामगावात दोनशेहून जास्त पुरणं मिळाली, त्यातली बहुतेक लहान मुलांची. मूल गेलं की दोन मडकी घ्यायची, मूल त्यात ठेवायचं, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावायची आणि खड्ड्यात आडवी निजवायची. शेजारी एखादं छोटं भांडं. आणि खड्डा कुठं? घरातच, जमिनीखाली. जपानच्या उत्तरेला आओमोरीजवळ सान्नाई मारुयामा नावाचं जोमोन गाव आहे, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं. तिथं मोठी माणसं रस्त्याच्या दोन्ही अंगाला पुरली आणि लेकरं मडक्यांत घालून घरांच्या जवळ ठेवली. मध्ये हजारो मैल, हजारो वर्षं, एकमेकांचं नावही ठाऊक नाही. कुणी कुणाकडून शिकलं असं आम्ही म्हणत नाही, तसा पुरावा नाही. आईला लेकरू लांब न्यायचं नव्हतं, एवढंच आम्हाला दिसतं.

आमचं दुसरं लेकरू वीस दिवसांचं गेलं. ओढ्याच्या काठी पुरलं. बाईमाणसानं येऊ नये म्हणून त्याच्या आईला कुणी येऊ दिलं नाही, आम्हीही काही बोललो नाही. पुढच्या पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, जागा राहिली नाही. पुष्कळ वर्षांनी एका रात्री आम्ही तिला इनामगावचं वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘त्यांनी घरातच ठेवलं होतं, न्हाई का.’ त्यानंतर आम्ही तिला होक्काइदो बेटावरच्या काकिनोशिमाची हकीकत सांगितली. तिथं साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या कबरींत मातीच्या चकत्या मिळाल्या. ओल्या मातीवर बाळाचं पाऊल दाबलेलं, वर दोरी ओवायला भोक. गेलेल्या लेकराचं पाऊल आईबापांनी घरात टांगून ठेवलं असावं आणि पुढं तेही गेले तेव्हा त्यांच्याबरोबर पुरलं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सान्नाई मारुयामा आणि काकिनोशिमा ही दोन्ही ठिकाणं २०२१ साली जागतिक वारशात घेतली गेली.

इनामगावात पावलांची दुसरीच गोष्ट आहे. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालची पावलं तोडलेली. मेलेल्यानं उठून चालू नये अशी भीती असावी, असं म्हणतात. मात्र गावाच्या मधोमध पाच खोल्यांचं एक घर होतं, धान्याच्या कोठारासकट. त्याच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात एक पुरुष मांडी घालून बसवलेला मिळाला. त्याची पावलं शाबूत! कुंभार, सोनार, चुना भाजणारे यांची घरं पश्चिमेच्या कडेला, सधनांची मध्यभागी. म्हणजे लहान-मोठा हा भेद तेव्हाही होता, मेल्यावरही होता.

हे ऐकून आमच्या अभ्यासवर्गातला एक पोरगा उसळून म्हणाला, ‘काका, म्हणजे गावकुसाबाहेरचे आपण तेव्हापासूनचेच!’ आम्ही त्याला थांबवलं. कडेला राहणं वेगळं आणि विटाळ वेगळा. इनामगावच्या मातीत श्रीमंत-गरीब दिसतात, अस्पृश्यता दिसत नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यतेचा जन्म इ.स. ४०० च्या सुमाराचा धरला. त्यांनी नेमका काळ सांगितला, कारणं दिली, तर्क मांडला. आपण तेवढे कष्ट न घेता ‘हजारो वर्षांपासून’ म्हणून मोकळे होतो.

आपल्यात दुसरीही एक खोड आहे, राग मानू नका. कुठं जुनी वीट दिसली की लगेच म्हणायचं, हा विहार होता. असेलही, पण आधी तपासा. रामटेकजवळ मनसरला जपानहून आलेल्या भदन्त सुरई ससाई यांच्या पुढाकारानं १९९८ पासून उत्खनन झालं. तिथली वास्तू कुणाची यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. हे मतभेद आपण आपल्या पोरांपासून लपवू नयेत.

जपानमधली दोन माणसं सांगतो. पहिला ताडाहिरो आयझावा. हा गावोगाव फिरून आंबवलेलं सोयाबीन विकायचा. पदवी नाही, ओळख नाही. १९४६ साली इवाजुकू इथं रस्त्याच्या कापलेल्या दरडीत त्याला दगडी हत्यारं दिसली. त्या थरात माणूस असूच शकत नाही, असं विद्वान मानत होते. तो शोधत राहिला. १९४९ मध्ये विद्यापीठानं तिथं खणलं आणि जपानचा इतिहास हजारो वर्षं मागं गेला. श्रेय मात्र सुरुवातीला दुसऱ्यांनी घेतलं. दुसराही हौशीच. तो जाईल तिथं जुन्यात जुनी हत्यारं सापडायची. लोक म्हणायचे, याच्या हातात देव आहे. नोव्हेंबर २००० मध्ये एका वर्तमानपत्रानं त्याचा फोटो छापला : तो स्वतःच हत्यारं पुरत होता. शाळेची पुस्तकं बदलावी लागली. दोघंही आमच्यासारखेच, स्वतः शिकलेले. म्हणून हे आम्ही आधी स्वतःला सांगतो, मग तुम्हाला.

शेवटचं, आणि हे इथल्या सगळ्यांच्या हातातलं आहे. आईच्या वेळी पांढरी टोपलीनं कमी व्हायची. आता जेसीबी लावून ट्रॉल्या भरतात आणि एका आठवड्यात टेकाड सपाट होतं. सान्नाई मारुयामाला १९९२ साली बेसबॉलच्या मैदानासाठी खणताना ते गाव लागलं आणि १९९४ मध्ये मैदानाचं काम बंद करून त्यांनी ते राखलं. आपल्या भागात कुठं पांढरी उचलत असतील आणि मातीत मडकं, हाडूक, मणी दिसला, तर तिथंच थांबवा. हात लावू नका, घरी आणू नका. जागा लिहून ठेवा, फोटो काढा, पुरातत्त्व खात्याला कळवा. अर्ज कसा लिहायचा ते आम्ही दाखवू, दर रविवारी विहारात असतोच. दिवाळीनंतर पुण्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय बघायला जायचा विचार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी आज जेवणाच्या आधी वहीत नाव घालावं. बायकांनी जास्त संख्येनं यावं. आमच्या घरचं नाव पहिलं लिहिलं आहे, आणि ते तिनंच लिहिलं आहे.

जय भीम.